आपलं चर्च नक्की कधी बांधलं? मराठवाड्यातल्या धर्मग्रामांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रौप्यमहोत्सव किंवा सुवर्णमहोत्सव जवळ आला की स्मरणिकेचं काम एखाद्या रिटायर माणसाच्या गळ्यात पडतं. आमच्याकडे ते माझ्या पडलं. मी जन्मभर बांधकाम खात्यात ओव्हरसियरकी केली, त्यामुळे "तुम्हाला भिंतीतलं कळतं" असं म्हणून फादरांनी हिशेबाच्या वह्यांचं गाठोडंच आणून दिलं. तेव्हापासून आजूबाजूच्या धर्मग्रामांतून, म्हणजे एकेका चर्चच्या कॅथलिक समुदायांतून, फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

आमच्या चर्चला किती वर्षं झाली, याचं एकच उत्तर का मिळत नाही?

विचारणाऱ्याच्या मनात एक तारीख असते आणि इमारतीला निदान चार असतात, म्हणून. पायाभरणीची पहिली, ती कोनशिलेवर सापडते. बांधून झाल्यावर आशीर्वाद देऊन मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) सुरू झाली, ती दुसरी. बिशपांनी येऊन मोठ्या विधीने समर्पण केलं असेल तर ती तिसरी. गावाला स्वतंत्र धर्मग्राम म्हणून मान्यता मिळाली ती चौथी, आणि या चौथीचा दगड-चुन्याशी काही संबंध नसतो.

कोनशिला म्हणजे साखरपुडा. लग्न त्याच वर्षी झालं असं त्यावरून धरता येत नाही. आमच्या वहीप्रमाणे कोनशिला आणि छप्पर यांच्यामध्ये तीन पावसाळे गेले. आधी पैसे संपले, मग विहीर आटली आणि चुना मळायला पाणी राहिलं नाही. त्या काळात मिस्सा अर्धवट भिंतींमध्ये, वर कडब्याचा मांडव घालून होत होती. आता सांगा, चर्च कधी "झालं"?

स्मरणिकेत मिळतील तेवढ्या सगळ्या तारखा द्या, आणि प्रत्येकीपुढे ती कशावरून काढली ते लिहा. एकच तारीख ठळक टाइपात छापायची हौस आवरा. मी आवरली नव्हती, त्याचं काय झालं ते पुढे येतंच.

आशीर्वाद आणि समर्पण यांत फरक काय?

आशीर्वाद साधा विधी. समर्पण मोठा: वेदीला आणि भिंतींना पवित्र तेलाचं अभ्यंग होतं, आणि ते शक्यतो बिशपच करतात. आजच्या धर्मनियमांत, म्हणजे 1983 च्या संहितेत, कॅनन (कलम) 1217 सांगतो की बांधकाम पुरं होताच नव्या चर्चचं लवकरात लवकर समर्पण करावं, निदान आशीर्वाद तरी द्यावा. कॅथेड्रल (बिशपांचं मुख्य चर्च) आणि धर्मग्रामाची चर्चेस यांचं मात्र समर्पणच व्हावं अशी अपेक्षा आहे. कॅनन 1208 त्याहून कामाचा: समर्पणाचा किंवा आशीर्वादाचा लेख करायचा, एक प्रत बिशपांच्या कार्यालयात आणि दुसरी चर्चच्या दप्तरात ठेवायची. फादरांच्या कपाटात नसेल तर दुसरी प्रत मागता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

जुन्या चर्चसाठी आणखी एक गोष्ट. 1917 च्या संहितेत स्पष्ट लिहिलं होतं की लाकडाच्या किंवा लोखंडाच्या चर्चला आशीर्वाद देता येतो, समर्पण करता येत नाही. तुमचं पहिलं चर्च पत्र्याची शेड असेल तर त्याच्या समर्पणाचा कागद शोधण्यात दिवस घालवू नका.

आतल्या भिंतींवर ठरावीक अंतरावर क्रूस आहेत. ते क्रुसाच्या वाटेचे आहेत का?

मोजून बघा. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाची, चौदा स्थानं असतात आणि बहुधा चित्रांसह. बारा किंवा चार साधे क्रूस असतील, प्रत्येकाखाली मेणबत्तीची खुंटी किंवा तिचं भोक असेल, तर ते समर्पणाच्या वेळी तेल लावलेल्या जागांचे. कागद हरवला असला तरी भिंतीने नोंद ठेवली, असं समजा. रंगकाम करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो लांबी (पुट्टी) भरून भिंत गुळगुळीत करून देईल आणि वर शाबासकी मागेल.

आधी धर्मग्राम की आधी चर्च?

दोन्ही चालतं. धर्मग्राम म्हणजे माणसांचा समुदाय, त्याला बिशप मान्यता देतात. इमारत पन्नास वर्षं उपकेंद्र म्हणून उभी असते आणि धर्मग्राम नंतर होतो, किंवा धर्मग्राम जाहीर होतो आणि मिस्सा कितीतरी वर्षं शाळेच्या वर्गात चालते.

म्हातारी माणसं म्हणतात, "आधी ती शाळाच होती." खरं असेल?

बहुतेक खरं असेल. मिशनच्या काळात गावात पहिला राहायला यायचा तो मास्तर, म्हणजे धर्मशिक्षक. फादर घोड्यावर नाहीतर बैलगाडीने महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. दोन-तीन खणांचं माळवद (मातीच्या सपाट छपराचं घर) असायचं. आठवडाभर तिथे मास्तर पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावायचे आणि फादर आले की तिथेच मिस्सा व्हायची. म्हणून जुन्या इमारतीत एका भिंतीला कोनाडा आणि समोरच्या भिंतीला फळ्याच्या खुंट्या, असं दोन्ही सापडतं.

अशा दौऱ्यात फादरांबरोबर वेदीचा एक छोटा दगड असायचा, वहीएवढा, सपाट, वर पाच क्रूस कोरलेले आणि आत संतांचे अवशेष. तो टेबलावर ठेवला की टेबल वेदी व्हायचं. आमच्या साक्रिस्तीत (मिस्सेचं साहित्य ठेवायच्या खोलीत) हा दगड सापडला तेव्हा तो वाऱ्याने दार आपटू नये म्हणून टेकण लावलेला होता. किती वर्षं, कोण जाणे. तुमच्याकडे टेकणं, कुंड्यांखालचे दगड, पाट्याखालचे दगड उलटून बघा.

चर्च गावाबाहेर, एका कडेला का आहे?

मराठवाड्यातले बहुतेक कॅथलिक पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजांतले, मुख्यतः महार आणि मांग. माणसं जिथे राहत होती तिथेच चर्च झालं, आणि त्यांना राहायला जागा होती गावकुसाबाहेर. कित्येक ठिकाणी त्या वस्तीतली पहिली पक्की इमारत चर्चचीच होती. स्मरणिकांमध्ये हे वाक्य टाळून "निसर्गरम्य परिसरात वसलेले" असं लिहितात. मला ते पटत नाही. जागेचा इतिहास हे बांधकामाच्या इतिहासाचं पहिलं पान आहे, ते गाळलं तर पुढचं कशावर उभं करणार?

जुने कागद कुठे शोधायचे?

इथे लोक थकतात, कारण मराठवाड्याचे कागद चार दिशांना गेलेले आहेत.

धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या हद्दीच्या, बाजूने सुरुवात करा. आपल्याकडचं मिशन मुख्यतः फ्रान्सालियन फादरांचं, म्हणजे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या मिशनरी संस्थेचं. आजच्या फ्रान्समध्ये, सव्हॉयमधल्या ॲनेसी गावी 1838 मध्ये ही संस्था निघाली, 1846 मध्ये त्यांची माणसं विशाखापट्टणमला पोचली, 1887 मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला आणि 1892 पासून औरंगाबादच्या बाजूला काम सुरू झालं. 1955 मध्ये नागपूर आणि हैदराबाद यांचा भाग घेऊन अमरावती धर्मप्रांत केला गेला. त्यातून 17 डिसेंबर 1977 रोजी औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा निघाला. पहिले बिशप डॉमिनिक आब्रेओ. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, पण जुन्या कागदांत अर्थातच औरंगाबाद. म्हणजे 1977 नंतरचं आपल्या बिशप हाऊसला, 1955 ते 1977 चं अमरावतीला आणि त्याआधीचं नागपूरला किंवा हैदराबादला विचारायचं. आमच्या लोकांनी तीस वर्षं संभाजीनगरलाच खेटे घातले आणि "कागद नाहीत" म्हणून बसले.

दुसरी दिशा धर्मग्रामाच्या नोंदवह्या: स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), विवाह, मृत्यू. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात, पण घाबरण्यासारखं काही नाही, कारण साचा एकच. तारीख, मग "मी खाली सही करणाऱ्याने स्नानसंस्कार दिला", मग बाळाचं नाव, आईबाप, साक्षीदार. इमारतीसाठी त्यातला जागेचा शब्द बघायचा. एका वर्षापर्यंत स्नानसंस्कार "घरी" किंवा "शाळेत" झालेले असतील आणि पुढच्या वर्षीपासून "चर्चमध्ये" असं येऊ लागलं, तर चर्च कधी वापरात आलं ते कळलं. हिशेबाच्या वहीपेक्षा हा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण लिहिणाऱ्याला इतिहास लिहायचा नव्हता.

तिसरी दिशा जमिनीची. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे त्याआधीचे जमिनीचे कागद उर्दूत किंवा मोडीत. प्रार्थनास्थळ बांधायला निजामाच्या धार्मिक खात्याची, उमूर-ए-मजहबीची, परवानगी लागायची. तसा एखादा कागद मिळाला तर तो सोनं समजून ठेवा. 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक तहसीलमध्ये पाहून घ्या, सर्व्हे नंबरासमोर "मिशन", "गिरजा" किंवा एखाद्या फादरचं नाव दिसू शकतं. मोडी कोण वाचणार, असं पूर्वी म्हणत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारी दप्तरं उघडली तेव्हापासून मोडी-उर्दू वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात ठाऊक झाली आहेत. त्यांच्याकडे जा.

चौथी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली पीटीआर, म्हणजे सार्वजनिक न्यासांची नोंदवही. न्यास बहुधा धर्मप्रांताच्या पातळीवरचा असतो, त्यामुळे यादीत आपलं गाव हुडकावं लागतं.

जुन्या कागदावर 1345 साल आहे. हे कसलं साल?

ह्याच प्रश्नाने मला तोंडघशी पाडलं, म्हणून जरा सविस्तर.

आम्हाला जागेच्या कागदावर 1345 सापडलं. उर्दू कागद, मुसलमानी राज्य, म्हणजे हिजरी, असं मी धरलं. हिजरी 1345 म्हणजे 1926-27. छापलं. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर, सोनेरी अक्षरांत "1926". पाचशे प्रती. समारंभाला आलेल्या एका रिटायर चाचांनी, ज्यांची हयात तहसीलच्या कारकुनीत गेली, त्यांनी तो कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "साहेब, हे तीर आहे. हिजरीत तीर नावाचा महिना कुठाय?"

निजामाचा सरकारी कारभार फसली सनात चालायचा. त्याचे महिने इराणी नावांचे: अजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. वर्ष सुरू व्हायचं अजूरच्या पहिल्या तारखेला, म्हणजे 6 ऑक्टोबरला. हिशेब सोपा आहे: कागद ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर फसलीत 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढचा असेल तर 591. फसली 1345 म्हणजे ऑक्टोबर 1935 ते ऑक्टोबर 1936. तीर साधारण मे-जूनमध्ये येतो, तेव्हा आमचा कागद 1936 च्या उन्हाळ्यातला निघाला. मी चर्चला दहा वर्षं फुकट म्हातारं केलं होतं.

मोहरम, सफर, रजब, रमजान असे महिने दिसले तर हिजरी. तीर, दै, बहमन दिसले तर फसली. महिना फाटून गेला असेल आणि नुसतं साल उरलं असेल, तर दोन्ही पर्याय लिहा आणि दुसऱ्या पुराव्याची वाट बघा.

खर्च "हाली" आणि "कलदार" असा दोन प्रकारे लिहिलाय.

हाली सिक्का निजामाचा, कलदार इंग्रजांचा. सरकारी भाव सात हालीला सहा कलदार. 700 हाली म्हणजे 600 कलदार. नागपूरहून आलेला पैसा कलदारमध्ये आणि गवंड्याची मजुरी हालीत, असं एकाच पानावर असतं. दोन्हींची बेरीज करून "एकूण खर्च" छापू नका.

कोनशिलेवर रंगाचे इतके थर आहेत की काही वाचता येत नाही. खरवडायची का?

अजिबात नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला चिकटवून, बाजूने, जवळजवळ भिंतीला समांतर धरा. समोरून मारलेल्या उजेडात सपाट दिसणारी अक्षरं तिरक्या उजेडात सावली टाकतात. आम्ही सात थर ऑइलपेंटखालचं "ए. डी. 1938" असं वाचलं, पोरांनी मोबाइलवर फोटो काढले, एक डावीकडून उजेड देऊन, एक उजवीकडून. तरी नाही जमलं तर पातळ कागद लावून शिसपेन्सिल आडवी फिरवा. छिन्नी, ॲसिड, तारेचा ब्रश यांतलं काहीही नको.

घंटेवर, कौलावर, लोखंडावर साल आहे. ते धरायचं का?

घंटेवरचं साल घंटा ओतल्याचं. ती आधीच्या चर्चमधली असू शकते किंवा दुसरीकडून आणलेली.

मंगलोरी कौलावरच्या सालाने तर भलेभले फसतात. मंगलोरला कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये काढला. पुढच्या काही कारखान्यांनी आपल्या स्थापनेचं साल छाप म्हणून कौलावर वापरलं, आणि तोच छाप पन्नास-साठ वर्षांनीही उठत राहिला. कौलावर 1868 दिसलं म्हणून चर्च 1868 चं होत नाही. मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज लाईन 1900 च्या सुमाराला झाली. त्याआधी समुद्रकाठची कौलं आपल्या गावात बैलगाडीनेच आणावी लागली असती.

लोखंडी तुळईवर गिरणीचं नाव उठलेलं असतं. "टाटा" असेल तर ती 1912 नंतरचीच, कारण जमशेदपूरचं पोलाद त्या वर्षी सुरू झालं. एवढ्यावरून बांधकामाचं साल मिळत नाही, पण अमुक सालाच्या आधीचं नाही एवढं नक्की होतं.

आमचं दगडी चर्च नेमकं कसं बांधलं गेलं असेल?

हा माझा आवडीचा प्रश्न.

मराठवाड्यात दगडाला तोटा नाही, सगळा काळा बसाल्ट. अडचण मातीची. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. जाणकार गवंडी म्हणूनच काळ्या मातीत पाया ठेवत नाही, खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणतो. तुमच्या चर्चचं जोतं वाजवीपेक्षा उंच असेल तर नुसत्या रुबाबासाठी तसं केलंय असं समजू नका. पाणी लांब ठेवायला ते हवंच.

वडारांनी दगड फोडायचा, टाकी लावून तोंड घडवायचं. बाहेरच्या तोंडाला घडीव दगड, आतल्या तोंडाला साधा, मधल्या पोकळीत डबर आणि चुना. चुना भट्टीत भाजलेला, पाण्यात विझवलेला, मग घाणीत मळलेला. घाणी म्हणजे जमिनीत गोल चर, त्यात दगडी चाक, बैल गोल फिरतोय. जुन्या चर्चच्या आवारात कुठेतरी हे चाक पडलेलं असतं. आमच्याकडे त्यावर पोरं बसून कॅरम खेळायची. चर अजून ओळखू येतो, पावसाळ्यात तिथे गोल पाणी साचतं.

छपराचे तीन प्रकार भेटतात. अगदी जुनं आणि लहान असेल तर माळवद: सागाच्या लगी (तुळया), त्यावर किलचन (लाकडाचे बारीक तुकडे), वर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, पण दरसाल माती चढवायची, त्यामुळे वजन वाढतच जातं. मग कैचीवर (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यावर) मंगलोरी कौलं. मग नाळीदार पत्रा, ज्याखाली मे महिन्यात प्रवचन लांबलं की फादरांनाही कळतं. काही ठिकाणी तिन्ही एकामागून एक येऊन गेलेली असतात. दर्शनी भिंतीच्या आतल्या बाजूला जुन्या छपराचा उतार गिलाव्यातून रेषेसारखा दिसतो. शिडी लावून नक्की बघा.

फरशी शहाबादी असेल तर ती गुलबर्ग्याकडून, निजामाच्याच मुलखातून आलेली. सिमेंटचा गिलावा मात्र बहुतेक नंतरचा थर असतो.

वेदी मधे सरकली कधी? फरशीत ठिगळं का दिसतात?

पूर्वी वेदी पूर्वेच्या किंवा मागच्या भिंतीला टेकलेली असायची आणि फादर लोकांकडे पाठ करून, लॅटिनमध्ये मिस्सा करायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या सभेने) 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला. 26 सप्टेंबर 1964 च्या सूचनेत वेदी भिंतीपासून सुटी असावी, फादरांना तिच्याभोवती फिरता यावं, असं आलं. नवी मिस्सा 30 नोव्हेंबर 1969 पासून लागू झाली आणि मराठी पूर्णपणे वेदीवर आली. सुटी वेदी, ख्रिस्तशरीर घेताना गुडघे टेकायचा कठडा काढलेला, उपदेशासाठी वेगळा स्टँड, हे बदल त्या काळातले. फरशीत कठड्याच्या खुंटांची बुजवलेली भोकं एका ओळीत दिसतील. ती मोजली तर कठडा केवढा होता ते कळेल.

आमच्याकडे बाकं नाहीत. गरिबीमुळे का?

सुरुवातीला पैसे नव्हते हे खरं, पण सतरंजीवर बसणं, चपला बाहेर काढणं, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या, हे आपलंच वळण आहे. 1969 मध्ये भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली. त्यांत पादत्राणं काढून बसणं, हात जोडून नमस्कार, आरती, समई हे होतं. आमच्या गावाला त्याची खबरही नव्हती, आम्ही आधीपासून तसेच बसत होतो. आता गुडघेदुखीवाल्यांसाठी मागे दहा प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. त्यातली एक माझी.

किल्लारीच्या भूकंपाचा आमच्या चर्चशी संबंध आहे का?

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. माणसं मारली ती बऱ्याच अंशी दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या वजनाने. भिंतीच्या दोन तोंडांना बांधणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यात दोन्ही तोंडं सुटी होतात, मधला डबर ढासळतो आणि वरचं माळवद खाली येतं.

त्यानंतर मराठवाड्यात दगडी इमारतीकडे बघायची नजरच बदलली. खिडक्यांच्या डोक्यावरून चारही भिंतींना फिरवलेला काँक्रीटचा पट्टा किंवा कोपऱ्यात घातलेले गज दिसले तर हिशेबाच्या वह्या 1993 पासून पुढच्या काढा. मात्र "भूकंपात पडलं म्हणून पाडलं" असं सांगितलेलं दर वेळी खरं नसतं. एका ठिकाणी चर्च मोठं करायचं होतं, भूकंप निमित्त झाला.

भिंतीला तडे गेलेत आणि ओल येते. काय करावं?

आधी तड्याच्या दोन्ही कडांवर काचेची पट्टी चिकटवा, शेजारी तारीख लिहा. वर्षभर थांबा. पावसाळ्यात बंद होऊन उन्हाळ्यात उघडत असेल तर दोष काळ्या मातीचा. छपराचं पाणी जोत्यापासून लांब न्या, भिंतीलगतची झाडं आणि हातपंपाचं सांडपाणी बघा. काच फुटलीच नाही तर तडा जुना आणि थांबलेला.

ओलीचं दुखणं बहुधा आपण विकत घेतलेलं असतं. आमच्याकडे एका कंत्राटदाराने चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंटचा गिलावा मारून दिला, पाच वर्षांत खालचे चार फूट पोपडे धरून सुटले. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल वर चढते, क्षार फुगतात, दगडाचं तोंडही सोबत जातं. दर्जा (दगडांमधल्या फटी) भरायच्या त्या चुन्यानेच. त्या कंत्राटदाराला मीच सुचवलं होतं, हेही इथे लिहून टाकतो.

जुनं पाडून नवं बांधायचं ठरतंय. कोणाची परवानगी, आणि नाव बदलता येतं का?

बिशपांची स्पष्ट लेखी संमती लागते (कॅनन 1215), ग्रामसभेचा ठराव तिच्या जागी चालत नाही. समर्पण झालेल्या चर्चचं नाव बदलता येत नाही (कॅनन 1218). पाडण्याआधी निदान एवढं करा: चारही बाजूंचे फोटो, खिडकीची आणि कमानीची मापं, भिंतीची जाडी, आणि कोनशिला कुठे बसवणार त्याचा निर्णय. पाडल्यावर कोनशिला हमखास हरवते, मग ती कोणाच्या तरी न्हाणीत सापडते.

जालन्याची, छावणीतली जुनी चर्चेस आपल्या इतिहासात धरायची का?

नाही. औरंगाबाद आणि जालन्याच्या छावणीतली जुनी इंग्रजी चर्चेस बहुतेक प्रोटेस्टंट. जालन्याजवळचं बेथेल हे नारायण शेषाद्रींनी, स्कॉटलंडच्या फ्री चर्चमार्फत, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर वसवलेलं गाव. इतिहास मोठा आहे, वाचा जरूर, पण तो त्यांचा. इंटरनेटवरून उचललेल्या मजकुरात ही सरमिसळ नेहमी दिसते. आपलं कॅथेड्रल म्हणजे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं, शहरातलं.

कागदात नसलेलं, नुसतं सांगोवांगीचं छापावं का?

छापा, पण "अमुक आजी सांगतात" असं म्हणून. आठवणीत साल चुकतं, काम चुकत नाही. माझी आजी सांगायची की चर्चचा चुना बायकांनी घमेल्याने वाहिला, वर तिसऱ्या फळीपर्यंत, आणि रोजाला पायलीच्या हिशेबाने ज्वारी मिळायची. आम्हाला ती गोष्ट वाटायची. मग बांधकामाच्या वेळच्या वहीत एक पान निघालं. गवंडी दोन, सुतार एक, सगळ्यांची नावं आणि पुढे हाली रुपये-आणे. त्याखाली एकच ओळ: "बायका, चौदा, ज्वारी." नावं नाहीत. आता दर रविवारी मिस्सेनंतर मी वही घेऊन जुन्या घरांतून फिरतो. चौदांपैकी नऊ नावं मिळाली आहेत.